बाबांचा रेंजर

"बाबा, तुम्ही क्लास कोणता घेता?" मी विचारलं.

बाबांनी चष्मा नाकावर सरकवला आणि टेबलाभोवतीच्या आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "घ्याचा काय त्यात? थ्री. वनपाल क्लास थ्रीच असते. शेवटपर्यंत तोच होता."

निनादला खोकला आला. नाझनीनने ओढणीचं टोक तोंडावर धरलं. मी मात्र अजिबात हसले नाही, कारण हसले असते तर बाबा उठून मागच्या खोलीत गेले असते, आणि त्यांना त्या खुर्चीपर्यंत आणायला मला पंधरा दिवस लागले होते.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, चंद्रपूरला एका तंत्रनिकेतनात शिकवत होते आणि दर रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत एक खेळ मांडत होते. नागपूरच्या होस्टेलवर शिकलेला. त्यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि केलेलं जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. आमच्यात गोष्ट सांगणारी मी. खेळणाऱ्याने आधी ठरवायचं असतं की आपण कोण: योद्धा, मांत्रिक, वैद्य, चोर की शाहीर. यालाच क्लास म्हणतात, आणि सगळ्यांच्या मिळून टोळीला पार्टी. ही नावं मी मोठ्या हौसेने मराठीत आणली होती. एकच अडलं होतं. जंगलात वावरणारा, माग काढणारा, जनावरांची भाषा कळणारा लढवय्या. त्याला वनचर म्हटलं तर तो झाडावर राहतोय असं वाटे आणि रानवीर म्हटलं तर नाटकात काम करतोय असं. शेवटी कंटाळून मी रेंजर हा शब्द तसाच ठेवला होता.

आमचा चौथा गडी अनूप, तो वैद्य. त्याला पुण्यात नोकरी लागली आणि त्याची खुर्ची रिकामी झाली. त्याच सुमाराला बाबा निवृत्त होऊन चार महिने झाले होते. पहिला महिना ते दूधवाल्याशी भांडले, दुसरा महिना नळाच्या वेळेवरून नगरसेवकाशी. तिसऱ्या महिन्यात त्यांनी भांडणं सोडली आणि मागच्या खोलीत खिडकीशी बसून राहू लागले. कुणी आलं की आतून कडी. आईने एकदा पोळ्या लाटता लाटता मला सांगितलं, भांडत होते तेव्हाच बरं होतं वं. मी मनाशी ठरवलं की काही झालं तरी या माणसाला पुन्हा चार माणसांत बसवायचं. मग चार माणसं नसली, दोन असली तरी चालतील.

तर ती दोन माणसं. निनाद टाकसांडे हा शिकवणी वर्गात गणित शिकवायचा आणि खेळातही गणितच करायचा. तो योद्धा. नाझनीन शेख औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट, ती मांत्रिक. अनूप गेल्यावर तूच वैद्य हो ना, असं निनादने तिला सुचवून पाहिलं होतं. आठवडाभर लोकांना गोळ्या देते, रविवारीही देऊ का, असं तिने विचारलं आणि तो विषय तिथेच मिटला.

"हा क्लास वेगळा, काका," निनाद बाबांना समजावू लागला. "खेळातला. आमच्यात एक मारणारा आहे, एक जादूवाली आहे. बरं करणारा कुणी नाही. त्याच्याशिवाय पार्टी टिकत नाही. तुम्ही वैद्य घ्या."

बाबांनी माझी यादी हातात घेतली आणि तपासणीचा कागद वाचावा तशी वरून खाली वाचली. शेवटच्या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

"हा रेंजर इथं कसा काय?"

मी काही बोलायच्या आतच मला माझी चूक कळली. आमच्याकडे रेंजर म्हटलं की धनुष्यबाणवाला कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. येतो तो वनखात्यातला साहेब. नाक्यावर उभा राहणारा तो नाकेदार, त्याच्या वर वनपाल, वनपालाच्या वर रेंजर. क्लास टू, राजपत्रित, दाराशी जीप. बाबा उभा जन्म कोणत्या ना कोणत्या रेंजरच्या हाताखाली होते आणि रेंजर होण्याची त्यांची पाळी आली तेव्हा त्यांची निवृत्तीची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली होती. त्यावर ते घरात एक शब्दही बोलले नव्हते.

"मी हा घेतो," बाबा म्हणाले.

निनादने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि बाबांसमोर कोरा कागद ठेवला. त्यावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात नाव, हुद्दा, मुख्यालय आणि रुजू झाल्याची तारीख लिहिली. मी सांगितलं की तुमच्याकडे धनुष्यबाण आहे. ते म्हणाले, कायले? रेंजरच्या हातात फार तर एक छडी असते. मग धनुष्यबाण खोडून त्यांनी छडी लिहिली.

पहिल्या रविवारी काय झालं ते आठवलं तरी मला अजून हसू येतं, पण त्या दिवशी एकटी नाझनीनच हसत होती. गोष्ट अशी होती की काळ्या डोंगरावरच्या राजाने खालच्या गावांचं पाणी अडवलं होतं आणि आमच्या पार्टीने जंगल ओलांडून, डोंगर चढून ते सोडवायचं होतं. जंगलात शिरल्या शिरल्या निनादच्या योद्ध्याने शेकोटीसाठी एक झाड तोडलं. बाबांनी त्याची कुऱ्हाड जप्त केली. नुसती तोंडी नाही, रीतसर पंचनामा लिहिला, नाझनीनला पंच केलं आणि खाली तिची सही घेतली. पुढे अस्वल आलं. अस्वल मारलं की योद्ध्याची ताकद वाढते, म्हणून निनाद कधीचा त्याची वाट पाहत होता. बाबांनी अस्वलाच्या आणि त्याच्या मध्ये उभं राहून सांगितलं की ती मादी आहे, मागे पिल्लं आहेत, सगळ्यांनी पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. त्यांनी ते इतकं खरं सांगितलं की नाझनीनने खुर्ची खरोखरच मागे सरकवली. बारा वाजेपर्यंत आमची पार्टी अर्धा कोस मागे गेली होती.

फाटकाशी चपला घालताना निनाद मला म्हणाला, "हे बघ प्रणिता, काका मला आवडतात. पण डोंगरावर बारा शिपाई आहेत. वैद्य नसला तर आपण पहिल्या दारातच संपतो, वर्षभराचा खेळ पाण्यात. पुढच्या रविवारी ते वैद्य असतील तर मी येतो. नाहीतर तुम्ही पंचनामे करत बसा."

त्याचं चुकत होतं असं नाही. खेळाच्या हिशेबाने तो बरोबरच होता. मी तीन दिवस शब्द जुळवले आणि बुधवारी चहाच्या वेळी बाबांपुढे विषय काढला. वैद्य किती महत्त्वाचा असतो, सगळे कसे त्याच्यावर अवलंबून असतात, वगैरे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "त्या पोराचं बरोबर हाय. माझ्यापायी तुमचा खेळ कायले मोडाचा? मी नाही बसत." आणि मागच्या खोलीत गेले. कडी लागल्याचा आवाज मी ऐकला आणि स्वतःवरच चिडले. बसतं केलेलं माणूस मीच उठवलं होतं.

शनिवारी मी निनादच्या शिकवणी वर्गावर गेले. तास सुटेपर्यंत बाहेर उभी राहिले आणि त्याला खरं ते सांगितलं: खिडकी, कडी, आईचं बोलणं, सगळं. त्याने हातावरची खडूची पूड झाडली. मग म्हणाला की एक रविवार, रेंजर तर रेंजर, पण पार्टी मेली तर मेली, तू वाचवायचं नाहीस. मी कबूल केलं. घरी येऊन बाबांना सांगितलं की निनादने रेंजरलाच बोलावलंय. बाबांनी दाराच्या फटीतून विचारलं, खरं सांगून राहिली काय? मी म्हटलं, शपथ.

तर तो दुसरा रविवार. आईने तर्रीपोहे केले होते. पार्टी डोंगराच्या पायथ्याशी पोचली आणि मी वर्णन केलं: खिंडीत लाकडी फाटक, फाटकाशी एक पहारेकरी, कमरेला शिंग. शिंग फुंकलं की वरचे बारा शिपाई धावत येणार.

निनाद लगेच कामाला लागला. मागून जाऊन त्याला संपवायचं, असा त्याचा बेत. नाझनीन म्हणाली, नको, मंत्र टाकून झोपवू. दोघांत थोडी हुज्जत झाली. पुढे काय होणार ते मला दिसत होतं. बाबा काहीतरी नियमाचं बोलणार, शिंग वाजणार, पार्टी मरणार आणि कडी लागणार.

"थांबा," बाबा म्हणाले. "तो ड्यूटीवर हाय. मी जाऊन येतो."

"काका, तो शिंग फुंकेल," निनाद म्हणाला.

"समोरून आलेल्या साहेबावर कोणी शिंग नाही फुंकत." बाबांनी खुर्चीतच पाठ सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं. बाप लेकीकडे पाहतो तसं नाही. "काय नाव तुझं?"

माझ्या पहारेकऱ्यांना नावं नसायची. ते दोन वाक्यांत मरायचे. मी गडबडले आणि तोंडाला आलं ते बोलले. "शिवराम, साहेब."

"कधीपासून उभा हाय, शिवराम?"

"नऊ दिवस झाले, साहेब."

"बदली माणूस?"

"आला नाही. ताप आहे म्हणतात त्याला."

"जेवला काय?"

"सकाळी थोडं."

"खाली बस आधी. माझ्यासमोर बसलं तर चालते." बाबांनी पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली आणि मी, म्हणजे शिवरामने, एक घास घेतला. बाबांनी विचारलं, "घरी कोण कोण हाय?"

आता पुढचं वाक्य मी का बोलले, मला आजही सांगता येत नाही. ठरवून नाही बोलले, हे नक्की. मी म्हटलं, "मुलगी झाली म्हणून निरोप आलाय, साहेब. अजून पाहिली नाही."

बोलून झालं आणि मग माझ्या लक्षात आलं की हे कुणाचं आहे. मी झाले तेव्हा बाबा नाकेदार होते, एका आडबाजूच्या नाक्यावर. बदली माणूस हिवतापाने पडला होता. निरोप पोचला त्याच दिवशी रेंजरसाहेबांची जीप नाक्यावरून गेली. बाबांनी हात दाखवला, जीप थांबली नाही. बारशाच्या आदल्या संध्याकाळी ते घरी पोचले, खाकी कपड्यांवर, हातात काही नाही. आई ही हकीकत नेहमी हसत सांगायची आणि आम्हीही हसत ऐकायचो. बाबा त्या वेळी उठून पाणी प्यायला जायचे.

आज ते उठले नाहीत. टेबलावरचा कागद त्यांनी सारखा केला.

"जा," ते म्हणाले. "आत्ता निघ. उजेडात घरी पोचशील."

"नाका सोडून कसा जाऊ, साहेब? माझ्या जागी कोण?"

"मी हाय ना."

"तुम्ही रेंजर, साहेब."

"मग? रेंजरले उभं राहता येत नाही काय?"

मी फासा उचललाच नाही. असल्या वेळी तो टाकावा लागतो, शिवरामने विश्वास ठेवला की नाही हे तोच ठरवतो. पण मला आधीच माहीत होतं. शिवरामने शिंग काढून साहेबांच्या हातात दिलं आणि तो डोंगर उतरायला लागला, असं मी सांगितलं.

निनादने वहीवर बोटं वाजवली. "फाटक उघडं. शिंग आपल्याकडे. एक थेंब रक्त नाही. काका, हे नियमांच्या पुस्तकात कुठेच नाही. चला आता वर."

"तुम्ही जाऊन या," बाबा म्हणाले. "मी त्याले शब्द दिला हाय. तो परत येईपर्यंत मी इथं उभा."

निनादने तोंड उघडलं. मला वाटलं, आता भडकतो. त्याने नाझनीनकडे पाहिलं, मग आपल्या कागदावरच्या आकड्यांकडे, आणि पेन्सिल कानावर खोचली. "ठीक आहे," तो म्हणाला. "योद्धाही नाक्यावर. कुऱ्हाड मिळेल का पण?"

बाबांनी पंचनाम्याचा कागद काढून त्यावर 'समज देऊन मुद्देमाल परत' असं लिहिलं, सही केली आणि कुऱ्हाड परत केली.

मग आमची पार्टी खेळातले दोन दिवस नुसती नाक्यावर उभी राहिली. नाझनीन म्हणाली, इतकी मजा लढाईत नाही आली. दुसऱ्या दिवशी राजाच्या शिपायांच्या धान्याची गाडी आली. बाबांनी परवाना मागितला. गाडीवाल्याने आवाज चढवला. बाबांनी फासा टाकला आणि तो विसावर थांबला, म्हणजे यापेक्षा चांगलं काही पडूच शकत नाही. गाडी जप्त. वरचे बारा शिपाई उपाशी. निनाद उठून उभा राहिला आणि म्हणाला की उपाशी शिपायांची ताकद निम्मी होते, आता वैद्याची गरजच नाही, लगेच चढू.

"शिवराम आला काय?" बाबांनी विचारलं.

मी त्याला विसरूनच गेले होते. निनाद पुन्हा खाली बसला, आणि आश्चर्य म्हणजे न कुरकुरता.

"येतोय, साहेब," मी म्हटलं. "खालच्या वळणावर दिसला."

बाबा थांबले. तो वळण चढून वर येईपर्यंत जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ते खरोखर थांबले. मग माझ्याकडे वळले.

"पाहिली पोरगी?"

"पाहिली, साहेब."

"कशी हाय?"

मी कशी आहे हे मला कुणी असं विचारलंच नव्हतं. मग बाबाच हळूच, कुणाशी बोलताहेत ते कळू नये अशा बेताने म्हणाले, "मी पाहिली तेव्हा टक्क पाहून राहिली होती माझ्याकडे. अकरा दिवसांची. एवढा उशीर काऊन केला म्हणून जाब विचारून राहिली होती."

मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. पण शिवराम अजून साहेबांपुढे उभा होता, त्याला उत्तर द्यायचं होतं.

"जाब नव्हती विचारत, साहेब," मी म्हटलं. "ओळखून राहिली होती."

स्वयंपाकघराच्या दारात आई झारा हातात धरून कधीची उभी होती. नाझनीनने नाक ओढलं. निनाद आपल्या वहीत काहीतरी फार बारकाईने तपासत होता. बाबांनी चष्मा काढला, बंडीच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि शिंग टेबलापलीकडे मला परत केल्याची खूण केली.

"घे, सांभाळ तुझा नाका," ते म्हणाले, आणि निनादकडे वळले. "बोल, पोरा. किती वेळ बसून राहाचं? डोंगर कोणत्या बाजूनं चढाचा?"